कलम १४ फक्त नागरिकांसाठी नाही

राज्यघटनेतल्या समानतेवरचा लेख आवडला, पण एक दुरुस्ती. ‘कलम १४ नागरिकांना समान संरक्षण देते’ असं लिहिलंय. कलमात शब्द ‘व्यक्ती’ आहे. नागरिक असण्याची अट १५, १६, १९ ला. म्हणजे नेपाळहून आलेल्या वॉचमनलाही १४ लागू. कलम १४ मधली ‘कायद्यापुढे समानता’ ब्रिटिश परंपरेतली, तर ‘कायद्याचे समान संरक्षण’ अमेरिकेच्या १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीतलं. ती आली गुलामगिरी संपल्यावर. १८५७ च्या ड्रेड स्कॉट या गुलामाच्या खटल्यात तिथल्या कोर्टाने कृष्णवर्णीयांना नागरिकत्वच नाकारलं होतं.

आणि लेखात डॉ. आंबेडकरांच्या लहानपणच्या सातारच्या प्रसंगाचा उल्लेखच नाही हो! १९०१ साली साताऱ्याहून कोरेगावला वडिलांकडे निघालेला लहानगा भीमराव बाकीच्या पोरांसोबत मसूर स्टेशनात उतरला. जात कळल्यावर एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाड्यावर एक जण कबूल झाला, तेही पोरांनी बैलगाडी स्वतः हाकायची आणि गाडीवान बाजूने चालणार! डबा सोबत होता, पण वाटेत पाणी मिळेना, म्हणून पोरं उपाशीच झोपली. माझं आजोळ मसूर, फलाटावर कैकदा उतरलोय. हे समजलं मात्र चाळिशीत. जातीवरून भेदभाव रोखणाऱ्या कलम १५ मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट नाव घेऊन का लिहिलेत, ते तेव्हा उमगलं.