‘मग कर्जाचं काय?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला, आणि रागाच्या भरात उत्तर लिहायचं नव्हतं.

ज्यांनी मागचा लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. २०१७ च्या दिवाळीनंतर आमच्या गावच्या पारावर मी बीजी-टू कपाशीचं (बोंडअळीला मारणारी दोन प्रथिनं झाडातच तयार करणाऱ्या बीटी वाणाचं) एक हिरवं बोंड सगळ्यांसमोर फोडलं. आत गुलाबी अळी निघाली. तिथे बसलेले एक म्हातारे कास्तकार म्हणाले, "बीटीवर अळी येत असन तं मंग कर्ज कसं फिटन बाप्पा? हे अळी दुसरीच असन." परिणाम नकोसा आहे म्हणून वस्तुस्थितीच नाकारणं, याचं उदाहरण म्हणून मी ते वाक्य दिलं होतं. त्यावर तुमचे दोन आक्षेप आहेत. पहिला, कास्तकार परिणामांवरच जगतो, त्याला पुस्तकी तर्कशास्त्राची फूटपट्टी लावू नका. दुसरा, मी स्वतः ‘फरदड (हंगाम संपल्यावरही पाणी देऊन उभी ठेवलेली कपाशी) घेऊ नका, पुढच्या हंगामात अळी वाढेल’ असं लिहितो, मग तोही परिणामाचाच युक्तिवाद नाही का?

दुसरा आक्षेप आधी घेतो. हो, तो परिणामाचाच युक्तिवाद आहे, आणि तो मी पुन्हा करीन. फरदड ठेवायची की पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, उपटायची, हा काय करावं याचा प्रश्न आहे. काय करावं हे परिणाम पाहिल्याशिवाय ठरवताच येत नाही. पेरणीचंच घ्या. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका असं कृषी विभाग दर जूनमध्ये सांगतो, कारण मध्येच उघाड पडली तर दुबार पेरणीची पाळी येते. हा परिणामाचा विचार अगदी रास्त आहे. पण पाऊस किती झाला, हे पर्जन्यमापकातलं पाणी सांगतं. दुबार पेरणीला घरात दमडी नाही म्हणून ४० मिलिमीटरचे ८० होत नाहीत. दमडी नसणं खरं आहे, दुःखाचं आहे, पेरायचं की थांबायचं हे ठरवताना त्याचं वजन सगळ्यात जास्त आहे. फक्त पाऊस मोजायच्या कामी ते येत नाही.

मला म्हणायचं होतं ते एवढंच. मागच्या लेखात मी ते नीट मांडलं नाही, तुमची तक्रार तिथूनच सुरू झाली असावी.

आता ‘पुस्तकी तर्कशास्त्र’. आपल्या न्यायशास्त्रात तर्काचं नेहमीचं उदाहरण आहे: अग्नी नसता तर धूरही नसता. समोरचा म्हणतो डोंगरावर अग्नी नाही. आपण म्हणतो, बरं, नाही असं धरू; मग धूरही नसायला हवा, पण धूर तर दिसतोय. याला अनिष्टप्रसंग म्हणतात. म्हणजे परिणामावरून वाद करणं आपल्या परंपरेला मान्य आहे. पण इथलं ‘अनिष्ट’ म्हणजे नुकसानीचं नव्हे. जे दिसतंय, जे दोघांनाही मान्य आहे, त्याच्याशी न जुळणारं ते अनिष्ट. रोजच्या मराठीत अनिष्ट म्हणजे वाईट, आणि घोटाळा इथेच होतो. ‘अळी नसती तर डोमकळी नसती’ आणि ‘अळी असेल तर मी बुडालो’ ही दोन्ही वाक्यं जर-तरचीच आहेत, कानाला सारखीच लागतात. पहिल्यातला परिणाम वावरात जाऊन बघता येतो. डोमकळी म्हणजे पाकळ्या एकमेकींत पिळून बसलेलं, न उमललेलं फूल; सोडवून पाहिलं की आत अळी सापडते. दुसऱ्यातला परिणाम तितकाच खरा असू शकतो, पण त्यावरून बोंडाच्या आत काय आहे ते कळत नाही.

आणि हे शहरातून आलेलं ज्ञान नाही, भाऊ. गाडगेबाबा आपल्या अमरावती जिल्ह्यातले, शेंडगावचे. कीर्तनात ते लोकांना सांगत, कर्ज काढून सण करू नका, पोरांना शाळेत घाला. हे सगळं परिणामांचं बोलणं होतं, कारण विषय वागण्याचा होता. पण दगडात देव आहे का हा विषय निघाला की त्यांची रीत बदलायची. तेव्हा ते प्रश्न विचारत. देवाला आंघोळ कोण घालतं, त्याच्यासमोरचा नैवेद्य कुत्रं खातं तेव्हा तो काय करतो? जे रोज डोळ्यांना दिसतं तेच ते लोकांच्या तोंडून वदवून घेत. शाळेत फारसं न गेलेल्या माणसांना हा फरक पारावर बसून कळत होता. म्हणून कास्तकाराला तर्काची फूटपट्टी लावू नका, हे तुमचं म्हणणं मला मान्य नाही. त्यात त्याचा मान नाही, उलट त्याला कमी लेखणं आहे.

त्या वर्षी नाकारण्याची किंमत काय पडली ते तुम्ही पाहिलंच आहे. गुलाबी बोंडअळी लबाड असते. अंड्यातून निघाली की ती बोंडात शिरते, आणि शिरलेलं भोक बुजून जातं. वरून बोंड ठणठणीत, हिरवंगार दिसतं. आत ती सरकी पोखरते, एका कप्प्यातून दुसऱ्यात जाते, रुई पिवळट करून टाकते. लहान असताना ती पांढरी असते, मोठी झाल्यावर गुलाबी होते. बोंड अर्धवट उकलतं आणि वेचायला गेलं की हाताला कवडी, म्हणजे किडका, चिकटून बसलेला कापूस लागतो. एकदा आत गेलेल्या अळीपर्यंत फवारा पोचत नाही. ‘ही दुसरीच अळी’ म्हणत घालवलेला एकेक आठवडा त्यामुळे महागात पडला. पुढे भरपाईसाठी नमुना ‘जी’चे अर्ज भरायची वेळ आली, तेव्हा बियाण्याची पावती लागली, पंचनामा लागला. आमच्या शेजारच्या एकाने तोवर वावरात ढोरं सोडली होती. अळी आहे असं तो शेवटपर्यंत बोललाच नाही. पंचनाम्याला माणसं आली तेव्हा दाखवायला पऱ्हाटीच शिल्लक नव्हती.

इथवर मी माझ्या मतावर ठाम आहे. पण तुमच्या पहिल्या आक्षेपात एक गोष्ट अशी आहे की तिने मला दोन रात्री झोपू दिलं नाही. तुम्ही लिहिलंत, "तो म्हातारा वाद घालत नव्हता, तो विचारत होता." बरोबर आहे. ‘कर्ज कसं फिटन’ हा युक्तिवाद नव्हताच, प्रश्न होता, आणि त्या दिवशी पारावर त्याचं उत्तर कोणी दिलं नाही. मीही दिलं नाही. मी अळी दाखवण्यात गुंतलो होतो. शिवाय त्यांच्या शंकेला आधार होता. २००२ मध्ये बीटीला परवानगी मिळाली, त्यानंतर हिरव्या बोंडअळीचा त्रास खरंच कमी झाला होता, हे त्यांनी स्वतःच्या वावरात वर्षानुवर्षं पाहिलं होतं. ‘इतकी वर्षं आली नाही, आताच कशी आली?’ असं ते म्हणाले असते, तर ते पुराव्याचं बोलणं झालं असतं. गुलाबी अळीने हळूहळू बीटी पचवायची ताकद कमावली, बीजी-टूमधली दोन्ही प्रथिनं तिला पुरेनाशी झाली, हे मला सविस्तर सांगता आलं असतं. मी त्यांचं एक वाक्य उचललं आणि लेखात चूक म्हणून टांगलं. त्याबद्दल तुमची आणि त्यांची माफी मागतो. ते वाक्य मी लेखातून काढतो आहे.

पण तेच वाक्य दुसऱ्याच्या तोंडी आलं तर मी सोडणार नाही. त्याच हंगामात बियाणं विकणारा एक जण मला म्हणाला होता, "असं बोलत जाऊ नका, कास्तकारांत घबराट होते." त्याचं कर्ज थकलेलं नव्हतं. अळी आहे की नाही यावर त्याने एक अक्षर काढलं नाही. घाबरलेल्या माणसाने परिणाम पुढे करणं आणि ज्याचा माल विकला गेला आहे त्याने तेच करणं, यांना मी एका मापाने मोजत नाही.

आणखी एक मान्य करतो. किती पुराव्यावर हात हलवायचा, हे परिणामांनीच ठरतं. शंभर टक्के खात्री होईपर्यंत थांबलं तर बोंडं हातची जातात. म्हणून तर कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणाऱ्या) रोज आठ पतंग सलग तीन दिवस आले की उपाय सुरू करा असं सांगतात; प्रत्येक वावरात अळी सापडेपर्यंत वाट पाहायला कोणी सांगत नाही. नुकसान मोठं असेल तिथे थोड्या पुराव्यावरही हलावं लागतं. पण सापळ्यातले पतंग मोजावेच लागतात.

शेवटी तुम्ही विचारलंय की यंदा भाव चढतील असं वाटतं, डिसेंबरनंतर एक पाणी देऊन फरदड ठेवू का. ठेवू नका असंच मी म्हणेन, कारण अळी उभ्या पऱ्हाटीत आणि कवडीत तग धरते आणि पुढच्या हंगामात तुमच्याच नव्हे, धुऱ्यापलीकडच्या (बांधापलीकडच्या) वावरातही येते. पण घराचा हिशोब तुमचा आहे, भाव आणि देणं तुम्हालाच ठाऊक. ठरवण्याआधी एवढं करा. एका एकरातून वीस हिरवी बोंडं तोडा, धुऱ्याजवळची सोडून आतल्या ओळींतली. ब्लेडने एकेक फोडा आणि किती बोंडांत जिवंत अळी आहे ते मोजा. दोनमध्ये निघाली तरी दहा टक्के झालं, ती धोक्याची पातळी. आकडा आला की इथेच खाली लिहा, मग भावाचं आणि कर्जाचं आपण बसून बोलू.