जन्मजात वाटेल असं नाक करून घ्यायचंय?

ऑपरेशनने नवं नाक करून घ्यायचं मनात आलंय ना? उत्तम. गुडघे-कोपरांकडे कुणाचं लक्ष नसतं, नाक मात्र चेहऱ्याच्या बरोबर मधोमध, आणि त्याच्यावर मत द्यायचा हक्क अख्ख्या भावकीला. तेव्हा आधी मतं गोळा करा. आरशात बघून स्वतःला काही कळत नाही, त्यासाठी एखादं लग्नकार्य गाठावं. तिथे कुणीतरी काकू दोन बोटांत तुमची हनुवटी धरते, चेहरा उजेडाकडे वळवते आणि म्हणते, "बाकी सगळी आईवर गेलीय, नाक तेवढं..." हे वाक्य पूर्ण करायची पद्धत नाही.

काकूंवर रागावू नका. तुमच्या नाकाचं काम त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेलं असतं. बाळंतपणात मालिशवाल्या बाईंनी तेलाच्या बोटांनी ते रोज चिमटीत धरून ओढलेलं असतं. असं ओढून नाक लांब होत नाही, पण तुम्ही तेव्हा बोलू शकत नव्हता.

यानंतर सेल्फी काढा, मोबाइल नाकाला जवळजवळ टेकवून. २०१८ साली अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी गणित मांडून दाखवलं की फूटभर अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक सुमारे ३० टक्के जास्त रुंद दिसतं, आणि पाच फुटांवरून तो फरक जवळपास उरत नाही. म्हणून पाच फूट लांबून कुणाला फोटो काढू देऊ नका. विचार बदलायचा.

डॉक्टरांची पदवी विचारू नका, फॉलोअर विचारा.

आता क्लिनिक. इथे जरा सविस्तर सांगते, कारण डोकं अजून तापलेलं आहे. मी भाचीला घेऊन गेले होते. तिची उजवी नाकपुडी कायम चोंदलेली, रात्री तोंड उघडं टाकून झोपते, सर्दी झाली की नाकी नऊ येतात. नाकातला पडदा वाकडा आहे, असं आधीच एका डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणजे आम्ही गेलो होतो श्वासासाठी. भिंतीवर ही मोठी सुश्रुताची, म्हणजे कापलेलं नाक जोडायची रीत लिहून ठेवणाऱ्या प्राचीन वैद्याची, तसबीर, खाली कॉफीचं मशीन. डॉक्टर नंतर, आधी काउन्सेलर. तिने पोरीला भिंतीशी उभं केलं, बाजूने फोटो काढला, टॅबलेट आमच्यासमोर ठेवला आणि नखाने हळूच नाकाचा उंचवटा आत ढकलला. "बघ डिअर, अगदी नॅचरल! कुणाला कळणारसुद्धा नाही." मी म्हटलं, कुणाला कळणारच नसेल तर करायचं कशाला? त्यावर तिने माझ्याच नाकाकडे जरा निरखून पाहिलं. फॅमिली डिस्काउंट असतो म्हणे. श्वासाचं काय, तर "ते त्याच्यातच होऊन जाईल मॅडम." मग हप्ते, महिनाअखेरपर्यंतची सूट, लग्नाच्या सीझनआधीचे शेवटचे स्लॉट. आणि या सगळ्यात पोरीला आपल्या नाकावर उंचवटा आहे हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं! रिक्षात बसल्यापासून घरी येईपर्यंत तिचं बोट त्या उंचवट्यावरून हललं नाही. एकोणीस वर्षांची पोरगी. तिला एक व्यंग फुकट दिलं आणि इलाज ईएमआयवर.

बरं, जे सांगायला हवं त्यातलं अवाक्षर नाही. सूज पूर्ण उतरायला वर्ष लागू शकतं, शेंड्याची सगळ्यात शेवटी उतरते, म्हणजे कार्यालय बुक करून नाक करायला जाल तर अक्षता सुजलेल्या नाकावर पडतील. आठवडाभर नाकावर स्प्लिंट, म्हणजे आधाराची कडक पट्टी, डोळ्यांखाली काळंनिळं, चष्मा काही आठवडे नाकावर टेकवायचा नाही. आतली कूर्चा, म्हणजे लवचीक हाड, कमी पडली तर कानातून, कधी बरगडीतून काढून लावतात. हाव करून जास्त कोरलं तर श्वासाची वाटच अरुंद होते. मनासारखं झालं नाही तर दुसरं ऑपरेशन, आणि ते पहिल्यापेक्षा अवघड. पडद्याच्या ऑपरेशनचे पैसे मेडिक्लेम देऊ शकतो, देखणेपणाचे देत नाही. हे काहीच विचारू नका हं, वातावरण बिघडतं.

भीती वाटत असेल तर "जेवणाच्या सुट्टीत होणारं" इंजेक्शन घ्या. नाकाला आकार द्यायला टोचतात ते फिलर चुकून रक्तवाहिनीत गेलं तर तिथली कातडी मरू शकते, क्वचित दृष्टीही जाते. पण सुट्टी तेवढीच पडते.

कुणी हसलं तर सुश्रुताचं नाव पुढे करा, क्लिनिकवालेही तेच करतात. पुण्याजवळचा किस्साही सांगा. १७९२ च्या लढाईत इंग्रजांच्या फौजेतला कावसजी नावाचा मराठी बैलवाला टिपूच्या हाती लागला, त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. पुढे पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने मेणाच्या पातळ पापुद्र्याने नाकाचं माप घेतलं, तेवढी कपाळाची कातडी सोडवून खाली वळवली आणि त्याला नाक दिलं. १७९४ मध्ये ती हकीकत लंडनच्या मासिकात छापून आली, आणि १८१४ साली कार्प्यू नावाच्या इंग्रज सर्जनने तीच रीत तिथे वापरली. त्या माणसाचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. पण एक नक्की, कावसजी नाक गेलं म्हणून त्याच्याकडे आला होता. धडधाकट नाकाच्या माणसाला बोलावून, त्यात खोट दाखवून पाठवणी करायची रीत त्याची नव्हती. आणि अशा विद्येच्या तसबिरीखाली बसून तुम्ही पोरींना टॅबलेट दाखवता?

जाऊ दे, उपरोध पुरे. अपघातात, कॅन्सरमध्ये ज्यांचं नाक गेलं, त्यांच्यासाठी ही शस्त्रक्रिया म्हणजे परत मिळालेलं तोंड आहे. एखाद्या जाणत्या माणसाने सगळं समजून, स्वतःच्या पैशाने नाक बदललं तरी माझी ना नाही. राग आहे तो बिनदिक्कत बोलणाऱ्यांचा. पोरीला श्वास घेता येत नाही हे इतकी वर्षं घरात एकालाही दिसलं नाही, नाकाचा आकार मात्र सगळ्यांना दिसला! चोंदलेलं नाक घेऊन ती दहावी-बारावीच्या परीक्षा देत होती, तेव्हा कुठे होता सगळे? "स्थळं यायला लागतील आता" म्हणता, लाज नाही वाटत? ज्याला नाकावरून नाकारायचंय त्याने खुशाल नाकारावं, आमची पोरगी वाचली.

आणि काउन्सेलरबाई, ते "हाय डिअर, स्लॉट होल्ड केलाय" पाठवणं आता बंद करा. ऑपरेशन ठरलंय, दुसरीकडे, फक्त पडद्याचं. बाहेरून नाक आहे तसंच राहणार आहे, उंचवट्यासकट.