लिपी नव्हती म्हणून साहित्य नव्हते काय?

‘युरोपीयांनी लिपी आणण्यापूर्वी आफ्रिकेत साहित्य नव्हते, होत्या त्या निनावी, सांगणाऱ्यागणिक बदलणाऱ्या लोककथा,’ हे विधान समाजमाध्यमांवर वारंवार फिरते. ते जसेच्या तसे तपासणीत टिकत नाही.

लिपीचा मुद्दा लगेच निकालात निघतो, कारण इथिओपियात गीझ भाषेतील लेखनपरंपरा चौथ्या शतकापर्यंत मागे जाते आणि स्वाहिली कवी वसाहतकाळाच्या कितीतरी आधीपासून अरबी लिपीत दीर्घकाव्ये लिहीत होते. परंतु मौखिक साहित्याची थोरवी हस्तलिखितांच्या आधारे सिद्ध करावी लागणे हेच मला अन्यायाचे वाटते.

निनावीपणाचा आक्षेप सोमाली कवितेपुढे साफ कोसळतो. सोमाली भाषेला अधिकृत लिपी मिळाली १९७२ साली. तरीही १९२० मध्ये निधन पावलेल्या सय्यद मोहम्मद अब्दुल्ला हसन यांच्या ब्रिटिशविरोधी कविता त्यांच्या नावानिशी लोकांच्या तोंडी होत्या. दुसऱ्याची कविता म्हणणाऱ्याने मूळ कवीचे नाव सांगायचे आणि शब्द शक्यतो जसेच्या तसे ठेवायचे, हा तिथला दंडक होता. रचनेचे बंधनही पाठांतराच्या मदतीला येई. ‘गबय’ या प्रकारात कवीने निवडलेल्या एकाच वर्णाने सुरू होणारा शब्द संपूर्ण कवितेत, प्रत्येक ओळीच्या दोन्ही भागांत यावा लागतो, त्यामुळे शब्द बदलला की तो बहुधा कानाला खटकतो. कवी ‘गारिये’ यांनी १९७०च्या दशकात या कवितेच्या वृत्ताचे नियम उलगडून मांडले, तेव्हा ते ऱ्हस्व-दीर्घ स्वरांच्या मात्रांवर उभे असल्याचे दिसले. मात्रावृत्ते जाणणाऱ्या मराठी वाचकाला ही शिस्त परकी वाटू नये.

सांगणाऱ्यागणिक बदल होतो, हे माली साम्राज्याचा संस्थापक सुंजाता याच्या महाकाव्यासारख्या रचनांबाबत मात्र खरे आहे. माली आणि गिनीतील परंपरागत गायक, ज्यांना ‘जेली’ म्हणतात, प्रसंग आणि श्रोते पाहून तपशील वाढवतात वा आटोपता घेतात. पण वंशावळी आणि स्तुतिपदे ते पुष्कळच काटेकोरपणे जपतात. हा बदल स्मृतीचा दोष नसून सादरीकरणाची कला आहे, म्हणूनच अभ्यासकाला केवळ संहिता पुरत नाही. आवाज, वाद्य आणि श्रोत्यांचे प्रतिसादही नोंदवावे लागतात.

महाकाव्य आफ्रिकेत जवळजवळ नाहीच, असे मत रूथ फिनेगन यांच्यासारख्या साक्षेपी अभ्यासिकेनेही १९७० मध्ये मांडले होते. पण पूर्व काँगोतील न्यांगा समाजाचे म्विंडो महाकाव्य शेकारिसी रुरेके यांच्या तोंडून १९५६ मध्येच नोंदवले गेले होते आणि १९६९ मध्ये ते छापूनही आले होते. पुढे १९७९ मध्ये नायजेरियाचे इसिडोर ओक्पेव्हो यांनी आफ्रिकी महाकाव्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहून फिनेगन यांचे ते मत सविस्तर खोडून काढले.