कल्हईचा दाखला शिशाला लागू नाही

ठाण्याच्या खाडीत गळ टाकणाऱ्या मंडळींमध्ये सध्या एक फॉरवर्ड फिरतोय: ‘शिसं ३२७ अंशांनाच वितळतं, उकळतं थेट १७४९ ला. म्हणजे वाफ नाही, विष नाही. गळाची वजनं घरच्या गॅसवर बिनधास्त ओता. पूर्वी दारात कल्हई व्हायचीच ना? जुन्या बॅटरीचं शिसं स्वस्त पडतं. काम झालं की ग्लासभर दूध प्या.’

आकडे बरोबर आहेत, म्हणूनच माणूस फसतो. शेगडीवर वाफ कमीच होते, पण वितळलेल्या शिशावर करडी-पिवळी मळी धरते. ती चमच्याने काढताना बारीक भुकटी उडते आणि ओट्यावर, फडक्यावर, रांगणाऱ्या पोराच्या हातावर बसते. शिशाची निर्धोक अशी कुठलीही पातळी माहीत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे. तेव्हा स्वयंपाकघर बादच.

कल्हईला लागतं कथील. ते २३२ अंशांना वितळतं आणि तो धातूच वेगळा. आजीच्या पातेल्याचा इथे काय संबंध?

दूध? पोटात कॅल्शियम असेल तर शिसं थोडं कमी शोषलं जातं, एवढंच. श्वासातून गेलेलं दुधाने बाहेर येत नाही. हाडांत जाऊन वर्षानुवर्षं बसतं. त्यापेक्षा साबणाने हात धुवा, कामाचे कपडे वेगळे धुवा. बॅटरी तर फोडूच नका. प्लेटा आम्लात भिजलेल्या असतात, शिवाय त्यांत अँटिमनी, कधी आर्सेनिकही असतं. जुनी बॅटरी दुकानदाराला परत द्या.

फॉरवर्डमध्ये पाण्याचा मात्र शब्दही नाही, आणि मला अद्दल घडवली ती पाण्यानेच. ऐरोलीतल्या आमच्या गच्चीवर, ऐन जुलैत, खाडीतून आणलेलं एक जुनं वजन मी वितळलेल्या शिशात टाकलं. वरून कोरडं दिसत होतं, आत भेगेत ओल होती. पाण्याची वाफ होताना ते सतराशेपट फुगतं. भांड्यातलं शिसं फटकन वर उडालं. चष्मा होता म्हणून डोळा वाचला. आता भंगार झाकणाच्या डब्यात, पोरांचा हात पोहोचणार नाही अशा कोरड्या जागी ठेवतो. डबा छोटाच, कारण लिटरभर शिसं अकरा किलोंच्या वर भरतं. वितळवायचं ते पावसाळा सरल्यावर, उघड्यावर, वेगळ्या शेगडीवर. आणि सगळं भंगार भांडं थंड असतानाच आत.

गच्चीच्या दारावर त्या दिवशीचा एक थेंब अजून चिकटलेला आहे.