कुठले नाईक?

गोव्यात नाईक आडनाव असणं म्हणजे जवळजवळ आडनावच नसणं. बसमध्ये कुणी "ओ नाईक" म्हणून ओरडलं तर निम्मी बस मागे वळून बघते आणि उरलेल्या निम्म्यातले अर्धे गावकर असतात. म्हणून इथे नाव सांगून भागत नाही, पुढचा प्रश्न ठरलेला, "कुठले नाईक?" मग गाव सांगायचं, मग कुळदैवत सांगायचं, मग समोरचा "हां हां, म्हणजे तुम्ही ते" असं म्हणतो आणि ते म्हणजे कोण हे आपल्याला शेवटपर्यंत कळत नाही.

हे सगळं नीट चाललं होतं. पण आमचे काका रिटायर झाले. त्यांनी फॅमिली ग्रुपवर जाहीर केलं की सगळे नाईक मुळात एकच, कुणीतरी मोठा सरदार असणार, त्याचा पत्ता लावायचा. कुणी लावायचा? तर मी, कारण माझं ऑफिस पणजीत आणि "आर्काइव्ह्ज तुझ्या वाटेवरच आहे रे." काकांच्या मते पणजीत जे जे आहे ते सगळं माझ्या वाटेवरच असतं.

आता गोव्याचं पुराभिलेखागार म्हणजे साधी गोष्ट नाही. १५९५ साली दियोगो द कौतो या इतिहासकाराची इथे दफ्तराचा प्रमुख म्हणून नेमणूक झाली, तेव्हापासूनची परंपरा. पावसाळी वाऱ्यावर येणाऱ्या जहाजांतून लिस्बन आणि गोव्यामध्ये जो पत्रव्यवहार चालायचा त्याची बाडंच्या बाडं आहेत, मोन्सोंयश म्हणतात त्यांना. हे ऐकून काकांना वाटलं की राजाने पत्राच्या शेवटी "आणि आमच्या नाईकांना नमस्कार सांगा" असं लिहिलं असेल. नाही लिहिलं. मग १५२६ चा फोरल, म्हणजे गावकऱ्यांचे, गावच्या मूळ कुळांचे, हक्क आणि रिवाज नोंदवलेली पोर्तुगीज सनद, त्यावर काकांची फार भिस्त. पण त्यात गावकऱ्यांनी काय द्यायचं आणि त्यांचा मान काय हे आहे, माझ्या पणज्याच्या पणज्याचं नाव काय हे त्यात कोण कशाला लिहील?

बरं शोधायचं तरी काय नावाने? पोर्तुगीज कारकुनाच्या हातात आपली आडनावं पडली की कामतांचं कामोतीम होतं, प्रभूंचं पोरोबु, शेणव्यांचं सिनाय. नाईक त्या मानाने थोडक्यात वाचले, शेवटचा के गेला आणि त्याच्या जागी क्यू, यू, ई अशी शेपटी आली. एवढं कळल्यावर वाटलं जिंकलो. पण जुने कागद पोर्तुगीजमध्ये, काही मोडीत, आणि कोमुनिदादींच्या, म्हणजे गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थांच्या, जुन्या वह्या गोंयकानडी लिपीत. मला यातलं एकही धड वाचता येत नाही. शेजारी बसलेल्या एका संशोधक बाईंनी दया येऊन एक पान वाचून दिलं. त्या काळच्या शाईनेच कागद खाल्लेला, अक्षरं होती तिथे अक्षरांच्या आकाराची भोकं, आणि जिथे शाईने सोडलं तिथे वाळवीने हात मारलेला. बाई म्हणाल्या, "राम नाईक, विठूचा मुलगा, याच्याकडे शेतसारा थकलाय." झालं! सरदार तर नाहीच, थकबाकीदार निघाला. दफ्तरात शिरायचे दोनच रस्ते होते, एक पैसे देणं लागायचं नाहीतर शेजाऱ्याशी बांधावरून भांडायचं. सज्जन पूर्वजांचा तिथे मागमूस नाही.

आणि हा राम आमचाच कशावरून? आमच्याकडे आजोबांचं नाव नातवाला. त्यामुळे विठूचा राम, रामाचा विठू, परत विठूचा राम, असे ते पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या मागे चालत राहतात आणि मधली एक जोडी गळली तरी पत्ता लागत नाही.

मग कुणीतरी म्हणालं आजोबांच्या जन्माच्या नोंदीपासून सुरू करा. ही नोंद सिव्हिल रजिस्ट्रारकडे. तिथली लाइन बघूनच घाम फुटला, कारण १९ डिसेंबर १९६१ च्या, म्हणजे गोवा पोर्तुगिजांकडून मुक्त झाला त्या दिवसाच्या, आधी गोव्यात जन्मलेल्यांची मुलं-नातवंडं पोर्तुगीज पासपोर्टसाठी आजोबांनाच शोधत असतात. पुढच्या मुलाने विचारलं, "पोर्तुगाल काय लंडन?" मी म्हटलं, कुठेच नाही, नुसतं आडनाव शोधतोय. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी काहीतरी लपवतोय. खिडकीवरच्या माणसालाही पटलं नाही, "आनी मागीर? पासपोर्ट न्हय?" असं दोनदा विचारलंन.

पण नोंद मिळाली, आणि तिच्यात बारदेशातलं मूळ गाव. तिथली कोमुनिदाद म्हणजे आपली जुनी गावकरी संस्था, तिच्यात वांगड असतात, म्हणजे एका मूळपुरुषाची कुळं, आणि गावकऱ्यांना जोण म्हणून उत्पन्नातला वाटा मिळतो, बापाकडून मुलाकडे. जिथे पैसे वाटायचे असतात तिथे वंशावळ चोख असते हे माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं. क्लार्कने रजिस्टर काढलं. आमचं वांगड सापडलं! त्यात थोडे नाईक आणि बाकी सगळे फर्नांडिस. सोळाव्या शतकात जे बाटले त्यांना पोर्तुगीज आडनावं मिळाली, वांगड मात्र तेच राहिलं. म्हणजे मंडईत मला रोज भेटणारे अर्धे नाईक माझे कुणीच नाहीत आणि त्या गावच्या चॅपेलसमोर राहणारे फर्नांडिस अंकल माझे भाऊबंद.

काकांना हे फोनवर सांगताना मी जरा बिचकतच होतो. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "त्यांच्याकडे सरदार कोण होता का ते विचार."

अंकलना विचारलं. ते हसले, काजूची फेणी पुढे केली आणि म्हणाले सरदाराचं सोड, कोमुनिदादीची निवडणूक येतेय, तू आमच्या वांगडाचा ना, मग नाव नोंदव आणि मत मला दे. नोंदवायला काय लागतं म्हटलं तर बोटं मोजायला लागले, बापाचा जन्मदाखला, आजोबांचा जन्मदाखला, दोघांच्या लग्नाचे दाखले, सगळं सर्टिफाइड.

काकांना म्हटलं हे काही मी करणार नाही. ते म्हणाले, "अरे, रजिस्ट्रार तर आता तुझ्या ओळखीचाच."