‘एक जुना श्रोता’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. पाश्चात्य फ्लूटवर कोणता सूर कोणत्या बोटांनी निघतो हे सांगणाऱ्या ‘व्हर्च्युअल फ्लूट’ या वेबपानावरच्या माझ्या लेखाबद्दल वेळ काढून लिहिलंत, आभार. पण ‘स्क्रीनवर बोटं शोधणाऱ्यांना फुंक काय कळणार? आधी दहा वर्षं वाद्य घासा, मग संगीत लिहा’ हे काय बोलणं झालं? मतभेद असू द्या, चाळीतल्या पोराला दटावावं तसा सूर कशाला? ‘घासा’ म्हणे!

सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठाचं हे वेबपान फ्लूट वाजवायला शिकवतं, असं मी कुठेच म्हटलेलं नाही. छापील तक्ता प्रत्येक सुराची नेहमीची बोटं सांगून मोकळा होतो. इथे संगीतकार उलटा प्रश्न टाकतो: हे दोन सूर मला एकाच फुंकेत हवेत, निघतील का? ३९ हजारांहून जास्त फिंगरिंगचा, म्हणजे बोटं ठेवायच्या रचनांचा, हिशेब संगणकाने आधीच करून ठेवलाय. वादकाला फोन करायच्या आधी एवढं कळलं, तर कुणाचं काय बिघडलं?

मुंबईच्या स्टुडिओंत फ्लूट घेऊन उमेदीची वर्षं काढलीत, म्हणून बोलतोय. एका अरेंजरने, म्हणजे चालीला वाद्यांची साथ लिहिणाऱ्याने, खालचा सी आणि शेजारचा सी-शार्प यांची ट्रिल (दोन सूर भराभर आलटूनपालटून) लिहून आणली. दोन्ही कळा (भोकं झाकायच्या चाव्या) उजव्या करंगळीच्या. त्यांच्यामधल्या एवढ्याशा रोलरवरून ती एकटी करंगळी पुढेमागे घसरवायची आणि तिला ट्रिल म्हणायचं! टेकवर टेक वाया गेले, व्हायोलिनवाले घड्याळं बघायला लागले आणि बोलणी कुणी खाल्ली? मी. अरेंजर पियानो उत्तम वाजवायचा. त्याने फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, बासून या फुंकवाद्यांना दहा-दहा वर्षं द्यायची का? म्हणजे पहिली चाल निवृत्तीनंतर!

फुंक वेबपानावर कळत नाही, एवढं मान्य. खालचे सूर जोरात धरले की फ्लूटवाल्याचा दम बघता बघता संपतो. ओबोवाल्याचं उलटं, वापरलेली हवा छातीत कोंडून राहते, ती आधी सोडावी लागते. पण हे मूळ लेखात आहेच. तिथवर वाचलंत का, हा प्रश्न मी विचारणार नव्हतो.

आपल्या बासरीचा उल्लेख नाही, ही तुमची आणखी एक तक्रार. अहो, तिला कळाच नाहीत, भोक अर्धवट झाकत बोट सरकवून मींड काढायची. तो वेगळा विषय. ‘परदेशाचं कौतुक’ वगैरेला उत्तर देत बसत नाही.

त्या पानावरचं एखादं फिंगरिंग स्वतः वाजवून पाहिलंत आणि ते चुकीचं निघालं, तर जरूर कळवा, इथेच छापतो. नुसतं ‘आमच्या वेळी’ नको.