व्हिटॅमिन डीची पुडी आणि तोल जाणं: खुलासा

‘साठीनंतर दरमहा व्हिटॅमिन डीची 60,000 युनिटची पुडी घ्या, पडणार नाही’ हा फिरणारा मेसेज चुकीचा आहे. झुरिचमध्ये सत्तरीपुढच्या, आधी एकदा पडलेल्या 200 जणांवर प्रयोग झाला (2016). दरमहा 60,000 युनिट घेणाऱ्यांपैकी 66.9 टक्के वर्षभरात पडले. 24,000 घेणाऱ्यांपैकी 47.9 टक्के. कमतरता आढळल्यावर डॉक्टरांनी पुडी दिली असेल, तर ती मात्र सांगितल्याप्रमाणे घ्याच.

पडणं खरोखर कमी होतं ते तोलाच्या व्यायामाने. नुसतं फिरणं पुरत नाही. ओट्याला धरून, पुढच्या पायाची टाच मागच्या बोटांना टेकवत दहा पावलं. मग हात न टेकता खुर्चीतून दहा उठाबशा. खुर्ची भिंतीला लावा, प्लास्टिकची नको, ती सरकते. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.